वाफाडे

गेल्या हिवाळ्यात एका इंग्रजी लेखसंग्रहाचा अनुवाद करताना मी दोन पानांपाशी तीन आठवडे अडून बसले. लेखात काव्य फारसे नव्हते. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हर्मांट राज्यातला एक माणूस मेपलच्या झाडाचा रस आटवण्याच्या कढईवर पत्र्याचे आच्छादन कसे बांधतो, एवढाच मजकूर. तिकडे त्याला ‘स्टीम हूड’ म्हणतात. मराठीत काय म्हणावे? झाकण म्हटले तर ते भांड्यावर बसते. हे कढईच्या वर ताठ उभे असते. छत्री हलकी वाटते. टोप म्हटले की आपल्याकडे आमटी आठवते.

शब्द सापडत नाही तेव्हा बहुतेक वेळा वस्तूच कळलेली नसते. शेजारच्या काकांनी तोफगाडी कारखान्यात पत्राकामात उभी नोकरी केली. १९०४ सालच्या त्या कारखान्यामुळे जबलपुरात पत्रा वाकवता येणारा माणूस शोधायला गल्लीबाहेर जावे लागत नाही. काकांनी लेखातली मापे वाचली आणि वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढून दिली. मेपलच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक मिळतो. उरलेले सगळे पाणी वाफ होऊन जायला हवे. हंगाम हिवाळा सरतानाचा, रात्री बर्फ पडण्याजोग्या. बंदिस्त लाकडी खोलीत इतकी वाफ कोंडली की समोरचा माणूस दिसत नाही, आणि ती थंड छताला लागून तिथल्या धुळीसकट थेंबाथेंबाने पुन्हा पाकात पडते. सपाट झाकण ठेवले तर हाच प्रकार जास्त जोरात होतो. म्हणून आच्छादनाच्या बाजू उतरत्या ठेवायच्या, खालच्या कडेला आतून पन्हळ फिरवायची, पत्र्यावरून ओघळलेले पाणी त्या पन्हळीतून नळीने बाहेर काढायचे आणि वरून एक नळकांडे छपरापार न्यायचे. पत्रा स्टेनलेस, डाखात शिसे नाही. काका म्हणाले, “वाफेला वाट आणि पाण्याला उतार, एवढंच आहे हे.”

धुराचे धुराडे, तर वाफेचे वाफाडे. शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले. पण अनुवादकाची खुशी थांबत नाही, ती उपदेशाकडे वळते. आपल्याकडे इतकी गुऱ्हाळे, इतकी वाफ, आणि कुणाच्याही मनात वाफाडे येऊ नये? आपल्या ललित लेखनात गुऱ्हाळाचा गंध पिढ्यान्‌पिढ्या दरवळतो आहे. तो गंध ज्या वाफेतून येतो तिच्यात रोज बारा तास उभे राहणारा माणूस मात्र त्या लेखनात क्वचितच घाम पुसतो. मीही तसे लिहिले आहे. त्याची लाज वाटून असेल, मी काकांची आकृती पिशवीत घालून करेलीची गाडी पकडली.

करेली इथून शंभरेक किलोमीटर, इटारसीच्या वाटेवर नरसिंहपूरच्या पुढे. नर्मदाखोऱ्यातला हा उसाचा पट्टा. करेलीच्या गुळाचे नाव जबलपूरच्या किराणा दुकानांत वेगळे सांगावे लागत नाही. ओळखीतून ज्या भट्टीवर गेले तिथे तीन कढया ओळीने बसवल्या होत्या. जाळ पुढच्या कढईखाली, त्याची धग मागच्या दोघींखालून धुराड्याकडे जाते. ताजा रस मागच्या कढईत तापतो, तिथे भेंडीचे पाणी घालून मळी काढतात, मग तो पुढे पुढे येत पाक होतो. शंभर किलो उसामागे दहा-बारा किलो गूळ. पाक करणारे दादा साठीचे असतील. मी त्यांना आकृती दाखवली आणि समजावू लागले. ते बुंदेली वळणाच्या हिंदीत बोलत होते, मी मराठीत आणते आहे.

“दीदी, हे वर बसवलं तर मला दिसणार काय?” त्यांनी विचारले. फेसाचा रंग, बुडबुड्याचा आकार, वाफ पातळ कधी होते, यावर त्यांचा सगळा कारभार. गोळी पाण्यात टाकून बघणे ही शेवटची खातरजमा. निर्णय त्याआधीच डोळ्यांनी झालेला असतो. आणि शेडला भिंती कुठे होत्या? चारी बाजू उघड्या, वाफ आपली निघून जात होती. त्रास कशाचा होतो, असे मी विचारले तेव्हा त्यांनी खाली बोट दाखवले. तिथे खड्ड्यात बसून एक पोरगेला माणूस चुलवणाच्या तोंडात वाळलेली चिपाडे सारत होता. दर दोन-तीन मिनिटांनी आग तोंडाबाहेर यायची, धूर आधी त्याच्या डोळ्यांत आणि मग धुराड्यात. मी पाऊण तास वाफेकडे बघत होते. तो मला दिसलाच नव्हता.

परतीच्या गाडीत मी मनाची समजूत घातली. वाफाडे हे थंड मुलखाच्या प्रश्नाचे उत्तर, आपण ते उष्ण मुलखात आणले, इथे तो प्रश्नच नाही. आमच्या शास्त्रात या समजुतीला फार प्रतिष्ठा आहे. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही हेच शिकलो: परक्या संस्कृतीवर आपली चौकट लादू नये. शिकलो ते खोटे नव्हे. पण ही समजूत किती सोयीची होती, हे गाडी जबलपूरला लागेपर्यंत जाणवू लागले. ‘त्यांचे वेगळे आहे’ असे म्हटल्याबरोबर खड्ड्यातल्या माणसाविषयीचे माझे काम संपत होते. वेगळेपणाचा आदर आणि काखा वर करणे यांतली सीमा कुठे असते? मला वाटते, ती वाक्यात नसते. ते वाक्य उच्चारल्यावर आपण पुढचा प्रश्न विचारतो की घरी जातो, यावर ती ठरते. मी घरी आले होते.

मेपलवाल्याचे प्रकरण सोपे होते, हेही आता उमगले. कढई त्याची, वाफ त्याच्या तोंडावर, पैसा त्याचा, पत्रा कापणारा हातही त्याचा. करेलीत पत्र्याला पैसे देणारा एक, पाक बघणारा दुसरा, धूर खाणारा तिसरा. तिसऱ्याला हवे असेल त्याची किंमत पहिल्याने द्यायची आणि दुसऱ्याने अडचण सोसायची. अशा ठिकाणी एखादी वस्तू ‘इथे चालत नाही’ असे कोण म्हणतो आहे, ते आधी विचारायला हवे. दादांचा आक्षेप खराच होता. मालकाने तोच आक्षेप घेतला असता तर मी तो इतक्या चटकन मान्य केला नसता, असे मला वाटते. पण खात्री नाही. कारागिराच्या तोंडून आलेला नकार मला सोज्ज्वळ वाटतो, हाही माझाच एक दोष.

काकांना हे सांगितले तर ते माझ्यावरच उखडले. “नीट वाचलंस का? झाकण मागच्या कढईवर आहे. पुढची उघडीच ठेवली आहे त्याने, पाक बघायला.” मूळ लेख उघडला. वाक्य होते. मी त्याचा अनुवादही केला होता, चुकीचा नव्हता. त्यातला अर्थ तेवढा माझ्याजवळ आला नव्हता.

फेब्रुवारीत पुन्हा गेले. या वेळी आकृती घेऊन आधी खड्ड्यापाशी उतरले. भट्टीचे तोंड आणि बसायची जागा यांच्यामध्ये उभा पत्रा लावला, चिपाडापुरती फट ठेवली, तर काय होईल, असे विचारले. त्याने ऐकून घेतले, फार भाव दाखवला नाही. पत्रा तापेल म्हणाला. तेही खरे होते. मग आकृतीवरच्या पन्हळीवर बोट ठेवून त्याने विचारले, हे पाणी गरम निघतं का?

गरम निघतं, म्हटले. स्वच्छही असतं.

पहाटे चार वाजता येतो तेव्हा हातपाय धुवायला बरं होईल, तो म्हणाला, आणि दादांना हाक मारून मागच्या कढईवर किती पत्रा लागेल ते विचारू लागला.