लाख दाणे

विनोबा भावे यांच्या आईने एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प सोडला होता. लाख म्हणजे मोजून लाख. घरकाम आटोपले की ती माउली तांदळाचे पात्र पुढे घेऊन बसे आणि एकेक दाणा उचलून देवापुढे ठेवी. विनोबांचे वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ. त्यांनी हा खटाटोप पाहिला आणि सोपा मार्ग सुचविला. एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यात दाणे किती ते मोजावेत, त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढावे. शंका नको म्हणून वर अर्धा तोळा टाकावा. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी विनू घरी आला तेव्हा तिने त्यालाच विचारले. मुलगा म्हणाला की ही हिशेबाची गोष्ट नव्हे, भक्तीची आहे; दाण्यागणिक चित्त देवाशी लागते, तेव्हा एकेक करूनच मोजावे. आई संतोषली.

ही हकीकत विनोबांनीच पुढे सांगितलेली आहे. तिची गोडी मला वाटते ती अशी, की वडिलांच्या हिशेबात चूक काढायला तिळभर जागा नाही. तांदळाच्या जातीप्रमाणे तोळ्यात पाचसातशे दाणे बसतात. लाख दाणे म्हणजे दीड-दोन किलो तांदूळ. क्षणाला एक दाणा धरला तरी मोजायला जवळजवळ अठ्ठावीस तास लागतील. वजनाने तेच काम अर्ध्या तासात होते. आणि उत्तर देणारा मुलगा हिशेबाला कंटाळणारा असता तर आपण म्हटले असते, की चालायचेच. पण गणित हा तर विनोबांचा जन्माचा जिव्हाळा. ज्याला हिशेब येत नाही त्याने हिशेबाला नावे ठेवणे ही एक गोष्ट, आणि ज्याला तो उत्तम येतो त्याने 'येथे त्याचे काम नाही' म्हणणे ही अगदी निराळी.

अलीकडे 'डोक्याचे ऐकू नका, आतल्या आवाजाचे ऐका' हा उपदेश फार स्वस्त झाला आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर एखादा पाहुणाही तो वाढून जातो. मला या उपदेशाचे भय वाटते, आणि तरीही तो सर्वस्वी टाकून देववत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली अडचण शब्दांची. आपल्या जुन्या लोकांनी अंतःकरणाचे चार भाग कल्पिले होते: मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. मन संकल्प-विकल्प करणार, बुद्धी निश्चय करणार. कठोपनिषदातल्या रथात मन हा लगाम आहे आणि बुद्धी हा सारथी. समर्थांनी दोनशे पाच श्लोक लिहिले ते मनाला समजावण्यासाठी. बुद्धीचे श्लोक लिहिण्याची गरज कोणाला भासली नाही! आपण मात्र 'माझे मन सांगते' असे म्हणतो तेव्हा या चौघांपैकी नेमका कोण बोलला याची चौकशी करीत नाही. पुष्कळदा बोललेला असतो तो चौथा.

आता, हिशेबाशिवाय होणारे ज्ञान असते हे कोणी नाकारू नये. आमचा हा मुलूख धानाचा. दवनीवाड्यातून धान गोंदियाला जाते, आणि गोंदिया म्हणजे राईस मिलांचे गाव. तेथे जुना जाणता माणूस ढिगात हात घालतो, एक दाणा दाताखाली धरतो, आणि धान वाळले की नाही ते सांगतो. ओले असेल तर मिलमध्ये चेंदामेंदा होतो, फाजील वाळले तर कणी पडते. शासकीय खरेदी केंद्रावर आता ओलावा मोजण्याचे यंत्र असते. सतरा टक्क्यांच्या वर गेला की धान परत. यंत्र आकडा सांगते, म्हातारा नुसता 'हूं' म्हणतो. त्याला कारण विचारा, देता येणार नाही. पण ती काही आकाशवाणी नव्हे. तीस-चाळीस हंगाम त्या दातांखालून गेले आहेत, हजार वेळा चूक होऊन पदरचे पैसे गेले आहेत, तेव्हा कुठे तो 'हूं' उमटतो. शिवाय तो पारखी यंत्राशी भांडत नाही. यंत्राने उलट सांगितले तर दुसरा दाणा चावून पाहतो.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिताना या प्रश्नाला एक अख्खे प्रकरण दिले आहे. सदसद्विवेक नावाची एखादी स्वतंत्र देवता माणसाच्या आत बसली आहे काय? टिळकांचा निर्णय स्पष्ट आहे: नाही. ती देवता म्हणजे आपली बुद्धीच, आणि ती शुद्ध असेल तितकाच तिचा कौल शुद्ध. चोराचे अंतःकरण आणि साधूचे अंतःकरण एकच उत्तर देत नाही. मला हे पटते. शाकुंतलातला दुष्यंत आश्रमकन्येला पाहून क्षणभर घोटाळतो आणि ठरवितो की ज्या अर्थी माझे मन हिच्याकडे ओढले जाते, त्या अर्थी ही क्षत्रियाला योग्यच असली पाहिजे. त्याचे अनुमान खरेही ठरते. पण तेच थोर अंतःकरण पुढे भर दरबारात तिला ओळखीत नाही. दुर्वासाचा शाप होता हे खरे. तथापि कालिदासाने तो शाप नेमका अशाच माणसाला बाधू दिला, हे मला कादंबरी लिहिताना नेहमी आठवते.

नाटकातले राहू द्या. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. पुढे सनातन्यांनी पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. या सनातन्यांना आपण ढोंगी म्हणून मोकळे होतो, पण त्यांतले कित्येक प्रामाणिक असतील ही खरी भीतीची बाब आहे. तळे बाटले असे त्यांना आतून वाटले, पोटात ढवळले. हिशेब तर अगदी सोपा होता. नगरपालिकेने १९२४ मध्येच ते तळे सर्वांना खुले केले होते आणि पाणी कालचेच होते. येथे हिशेब माणुसकीच्या बाजूला उभा होता आणि आतला आवाज पिढ्यांच्या अंधाराच्या बाजूला. बाबासाहेब १९५४ साली आमच्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. मते देणाऱ्यांनीही आपापल्या मनालाच विचारले असेल. पुढे त्यांनी जो धम्म सांगितला त्यात त्यांनी प्रज्ञेला आणि करुणेला शेजारी बसविले, एकीला दुसरीच्या तब्येतीवर सोडले नाही.

गांधीजींचे उदाहरण याहून अवघड. १९३३ साली येरवड्याच्या तुरुंगात एका मध्यरात्री त्यांना आवाज ऐकू आला आणि त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास जाहीर केला. ८ मेला तो सुरू झाला. सरकारने त्याच दिवशी त्यांना सोडले आणि २९ मेला पुण्याच्या पर्णकुटीत तो सुटला. हा भ्रम कशावरून नाही, असे लोकांनी विचारले. गांधीजींनी कबूल केले की याचा पुरावा माझ्यापाशी नाही. पुढे १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला आणि हजारो माणसे गाडली गेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला: सृष्टीच्या घडामोडींना नीतीची कारणे चिकटवू नका. गांधीजींनी तो विरोध आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला, पण मत सोडले नाही. माझे मत रवींद्रनाथांकडे. उपवासाचा आवाज खरा की खोटा, त्याचे मोल गांधीजींच्या स्वतःच्या देहाने चुकते केले. भूकंपाच्या वेळी मात्र आवाज एकाचा आणि शिक्षेचा अर्थ लागला तो मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली सापडलेल्या लेकरांना. आत कोण बोलले हे आपल्याला बाहेरून कळत नाही, पण त्या बोलण्याचे बिल कोणाच्या नावे फाटते हे तरी पाहता येते.

आणि आता पुन्हा विनोबा. मार्च १९५१ मध्ये ते वर्ध्याहून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. तेथून तेलंगणात शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात चाळीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी नावाच्या गृहस्थांनी उभे राहून शंभर एकर देऊ केली. त्या रात्री विनोबांना धड झोप लागली नाही. त्यांनी सांगितले आहे की ईश्वराच्या खालोखाल आपला विश्वास गणितावर. तेव्हा पहिल्याने गणितच सुरू झाले. देशातल्या सर्व भूमिहीनांना पुरायची तर पाच कोटी एकर हवी. इतकी जमीन कधी मागून मिळते काय? मग संवाद झाला, जणू समोरासमोर: भीती धरशील तर अहिंसेवरची श्रद्धा सोड, ज्याने बाळाच्या पोटात भूक घातली त्याने आईच्या स्तनात दूधही घातले आहे.

येथे गणित बाजूला सारलेले नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. आवाज आला तो बेरीज संपल्यावर, आकडा डोळ्यांपुढे लखलखीत उभा असताना. आणि तो आवाज म्हणाला ते 'चाल' एवढेच. 'मिळतील' असे म्हणाला नाही. विनोबा तेरा वर्षे चालले. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असे म्हणत दारोदार हिंडले. चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे झाली. पाच कोटींच्या मानाने हा दशांशही नव्हे. त्यातलीही पुष्कळशी खडकाळ, काही तंट्यातली, काही कागदावरच राहिलेली. भूमिहीनाच्या हाती पडली ती आणखी थोडी. हिशेबनीस म्हणेल, आवाज चुकला. भक्त म्हणेल, लोक चुकले. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. ज्या घराला त्यातले दोन एकर मिळाले आणि ज्याच्या हाती नुसता कागद आला, त्या दोघांना एकाच बेरजेत बसविणारे गणित मला येत नाही. पण ज्याच्या हाती कागदच आला, त्याला 'भावना शुद्ध होती' असे सांगायला मी जाणार नाही.

लाख दाण्यांची गोष्ट मी आमच्या शाळेत सहावीच्या वर्गाला सांगतो. मुले नेहमी दोन तट करतात, आणि बहुधा वडिलांचा तट मोठा असतो. धानाच्या गावची पोरे, वजनावर त्यांचा विश्वास. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मोजता मोजता मधेच आकडा विसरला, तर आई काय करायची?" वर्ग हसला. मी तिलाच विचारले, तू काय करशील? तिने थोडा विचार केला. "रोजचे वेगळे बांधून ठेवीन," ती म्हणाली, "म्हणजे चुकले तर त्या दिवसाचेच मोजावे लागतील."

वर्ग यावर एकदम बोलू लागला आणि तेवढ्यात घंटा झाली.