एकच आग



इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये घडवा कारागीर ढोकरा मूर्ती करतात. मातीच्या गाभ्यावर मेणाची नक्षी, वर पुन्हा मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून निघून जाते, माती भाजून कडक होते आणि रिकाम्या जागेत पितळाचा रस भरतो. आग एकच!

फारोचे मन कठीण का झाले, हे समजावताना ३ऱ्या शतकात ओरिजेननेही सांगितले: सूर्य मेण वितळवतो, चिखल सुकवतो, दोष सूर्याचा नाही.

मग मातीचा? ती कडक झाली नसती, तर पितळाला आकार कुणी दिला असता?

घरात मृत्यू होतो. एक जण ढसाढसा रडतो. दुसरा कोरड्या डोळ्यांनी कबरेची व्यवस्था पाहतो. त्याला दगडाच्या काळजाचा म्हणू नका. फारो कठीण झाला तो इतरांना दाबून ठेवण्यासाठी. हा झाला आहे तो इतरांना सावरण्यासाठी. माती निवड करत नाही, माणूस करतो.