सोडण्याचा हक्क कोणाचा?

नगरच्या सावेडीतला भाडेकरू खोली सोडून गेला, डिपॉझिट थकबाकीत वळतं झालं, तरी चार महिन्यांचं भाडं उरलंच, असं समजू. मुदतीच्या कायद्याने दाव्याला तीन वर्षं मिळतात. धर्मशास्त्र मुदत मानत नाही, तिथे बापाचं ऋण मुलावर येतं. देणं बुडवणं पाप, यात वाद नाही. प्रश्न मागणाऱ्याचा आहे: आपलं येणं टक्केवारीवर वसुली एजन्सीच्या हाती देणं धर्माला धरून आहे का?

माझ्या मते मागण्याच्या हक्काला सोडण्याचा हक्क जोडलेलाच असतो. जुन्या दामदुपटीच्या नियमानेही व्याजाला मुद्दलाची सीमा घातली होती. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध पेटलेला दंगा पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे पसरला, तेव्हा कुणब्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कर्जखतांवर होता. कागद हाती आले की बहुधा मारहाण टळे. शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दलच्या १८७९च्या कायद्याने मग न्यायाधीशाला खताच्या मागचा व्यवहार तपासायला लावलं. फोनवरच्या वसुलीवाल्याला नेमकी तीच मुभा नसते. भाडेकरूची नोकरी गेली की त्याने लबाडी केली, याच्याशी वसुलीवाल्याच्या कमिशनचा संबंध नाही.

भाड्यावरच चूल पेटणाऱ्या विधवेला हे औदार्य कसं परवडावं, असं कोणी विचारील. रास्त आहे, तिने माणूस जरूर नेमावा. पण धमकी नको, आणि हप्ते पाडायचे की काही सोडायचं हे तिलाच विचारायचं, एवढं लिहून घ्यावं. तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते, पण ती फक्त स्वतःच्या वाट्याची. भावाची त्यांनी भावाकडेच दिली.