आईची कंबर आणि सुईचा पुरावा

धारूर, जि. बीड

चि. मुली,


तुझं पत्र मिळालं. गळीत हंगाम संपवून आई गावी आली ती कंबर धरूनच. कुणीतरी तिला अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला सांगितलं आणि तू विचारलंस, "गुरुजी, याला पुरावा काय?" तुझ्या पहिल्या नंबरापेक्षा मला या प्रश्नाचा आनंद जास्त झाला.

पुरावा आहे, पण तो नीट वाचावा लागतो. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला चिनी पद्धतीच्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला बिंदू सोडून, वरवर टोचल्या. तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४ टक्के लोकांना चांगला गुण आला. सुयांनी आराम पडला खरा, पण जागा चुकवली तरी जवळजवळ तेवढाच पडला! त्यात गुण येईल या भरवशाचा, विचारपूस करणाऱ्या माणसाचा आणि निवांत पडून राहण्याचा वाटा मोठा असणार.

म्हणूनच जाणकारांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ मध्ये कंबरदुखीवर औषधांआधीच्या उपायांत सुयांना जागा दिली. ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्ये त्या देऊ नयेत असं सांगितलं. अर्धशिशी आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांतही थोडा उपयोग दिसतो. पण मधुमेह किंवा कर्करोग सुयांनी बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारातून आईला माघारी आण.

महाराष्ट्रानं या उपचारपद्धतीसाठी कायदा केला आहे. नोंदणी आहे का, हे त्यामुळे विचारता येतं. ते विचारच. पण नोंदणी म्हणजे गुणाची हमी नव्हे.

हे सगळं इतकं बजावून सांगतोय, कारण आपण बीडची माणसं आहोत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा विसरू नकोस. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पोट दुखतंय म्हणून गेलेल्या किती बायांना "हे कशासाठी? दुसरा इलाज नाही का?" असं विचारायला शिकवलं होतं आपण? मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण हे शिकवायचं राहिलं. ती खंत आहे.

तेव्हा आधी आईला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखव. पायाला मुंग्या येतात का, ताकद कमी झाली का, लघवीवरचा ताबा गेलाय का, हे डॉक्टरांना सांग. गंभीर काही नसेल, त्यांनी सांगितलेला व्यायाम चालू असेल आणि पैसे उसने काढावे लागणार नसतील, तर सुया घेऊन बघायला हरकत नाही. सुई मात्र दर वेळी नवी, निर्जंतुक, डोळ्यांदेखत पाकिटातून काढलेली हवी. चार-सहा वेळांत फरक पडला नाही तर थांबा.

आणि एक लक्षात ठेव. आईची कंबर उसाच्या मोळ्या वाहून गेली आहे. पुढच्या हंगामात तीच मोळी पुन्हा डोक्यावर आली, तर कुठलीच सुई पुरी पडणार नाही. तू शिक, आणि तिचं ओझं उतरव.

तुझे,
गुरुजी