जय कोणाचा, पराजय कोणाचा?

साधकजनहो, हार झाली असे आपण सहज म्हणतो. परंतु नेमके हरले काय, याचा निवाडा क्वचितच करतो. सराळ्याचे म्हाइंभट प्रकांड पंडित. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींना वादात जिंकावयास आले आणि निरुत्तर झाले. हरला तो अभिमान, म्हाइंभट तरले. पुढे त्यांनीच श्रीनागदेवाचार्यांच्या आश्रयाने, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना पुसून लीळा संकलित केल्या.

व्यवहारातील दृष्टांत घ्यावा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चार सहकारी डॉक्टरांसह चीनमधील जखमींच्या सेवेस गेले. चौघे परतले, कोटणीस तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी निवर्तले. युद्ध तेव्हा संपले नव्हते. म्हणून ते हरले काय? ज्यांच्या जखमा त्यांनी बांधल्या, त्यांच्यापुरती सेवा पूर्णच होती.

दार्ष्टांतिक हे की, नेम मोडला, स्मरण सुटले, एवढ्याने वासनिक वा भिक्षू हरत नाही. अनुताप धरून तो उद्या पहाटे पुन्हा स्मरणास बसला, तर मार्गावरच आहे. ‘आता आपल्याने होणे नाही’ असे म्हणून उठून जाणे, हीच खरी हार. आचरणे आपल्या हाती, फळ परमेश्वराधीन.

दंडवत प्रणाम.