राबलेल्या इंजिनाचे ऋण

खंडेनवमीला शेतकरी औताला गंध लावतो, सुतार करवतीला. त्याच दिवशी रेल्वेच्या लोकोशेडमध्ये इंजिनावर हळदकुंकवाचे स्वस्तिक उमटते, बफरवर झेंडूचा हार चढतो, रुळाशी नारळ फुटतो. ही पूजा चालत्या यंत्राची असते. तेच इंजिन सेवेतून उतरले आणि डबे भंगारात निघाले, की आपण त्यांचे काही देणे लागतो का? जड वस्तूचे ऋण असते का? माझ्या मते असते. मात्र ते वस्तू जपून फिटत नाही. ती ज्यांच्यासाठी राबली, त्यांची सोय पुढे चालू ठेवली तरच फिटते.

मराठवाड्याइतका हा प्रश्न क्वचितच कुठल्या मुलखाला भिडला असेल. मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादला जाणारी निजामाच्या रेल्वेची मीटरगेज 1900च्या सुमारास सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज 1911मध्ये लातूरला पोहोचली. वाफेची इंजिने गेली तशी मीटरगेजवर वायडीएम-4 आणि नॅरोगेजवर झेडडीएम मालिकेची डिझेल इंजिने आली. रूळ एकेरी. पुढच्या स्टेशनापर्यंत वाट मोकळी असल्याची खूण म्हणून वेताच्या कड्याला अडकवलेल्या चामडी पिशवीतून टोकन मिळायचे, आणि सहायक चालक धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे खांद्यापर्यंत झेलायचा. मागच्या डब्यांत बाजाराची गाठोडी, दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरे, आषाढी-कार्तिकीला पंढरीची माणसे. 1990च्या दशकात नांदेडकडची मुख्य वाट ब्रॉडगेज झाली, 2007-08मध्ये लातूर-कुर्डुवाडी, 2008मध्ये पूर्णा-अकोला. देशातली काही वायडीएम-4 इंजिने म्यानमार आणि मलेशियाला गेली. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला भंगार आले. आता विजेच्या तारा आल्यावर ब्रॉडगेजवरच्या डिझेलचीही पाळी सरत चालली आहे.

पहिला आक्षेप सरळ आहे. इंजिनाला मन नाही, त्याने आपल्यासाठी काही ठरवून केले नाही, मग कृतज्ञता कोणाविषयी? 'मिलिंदपञ्ह'मध्ये भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? त्यांतले एकही रथ नाही, आणि या सगळ्यांपलीकडेही रथ म्हणून वेगळे काही सापडत नाही. हे मला पटते. पण त्यावरून ऋणही नाही, असे ठरत नाही. इंजिन हे कोणी एक 'कोणी' नसेल. ते असंख्य हातांची एकत्र आलेली मेहनत मात्र असते. रुळाखाली खडी ठोकणारा गँगमन, रात्री इंजिनाखाली शिरणारा फिटर, टोकन देणारा पॉइंट्समन, यांतल्या एकाचेही नाव प्रवाशाला ठाऊक नसते. आभार मानायला समोर उभे असते ते फक्त इंजिन. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे आदराने जपली आहेत, आणि मूर्तिपूजा नाकारणारा धर्म त्यांचे दर्शन घेतो. तिथला आदर लोखंडाला देव मानत नाही; ते कोणाच्या हाती आणि कशासाठी होते, याला तो असतो. शस्त्रामागे गुरू आहेत, इंजिनामागे अनाम माणसे. माझ्या लेखी या फरकाने ऋण कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ती जुनी गाडी धुराची, रखडणारी, गर्दीत गुदमरवणारी होती. रुंदीकरण झाले नसते तर लातूरचा माणूस गाडी न बदलता मुंबईला पोहोचला नसता. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून 'जलदूत' गाडी पाणी घेऊन लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या मिरज-कुर्डुवाडी-लातूर वाटेने ती आली, ती बार्शी लाइटनेच पाडलेली. पण नॅरोगेजच्या चिमुकल्या वाघिणींना हा भार झेपला नसता. हे सारे मान्य. म्हणूनच जुने डबे वितळले याचे मला दुःख नाही. संग्रहालयात एखादे इंजिन रंगवून उभे केले तर आनंदच आहे, पण फेड म्हणून ते फार थोडे.

खरी कसोटी तिकीटखिडकीवर लागते. कोरोनाकाळात पॅसेंजर गाड्या थांबल्या, आणि परतल्या त्या 'विशेष' होऊन, एक्स्प्रेसच्या भाड्याने. किमान तिकीट 10 रुपयांवरून 30वर गेले, ते फेब्रुवारी 2024मध्ये पुन्हा 10वर आले. मधली ती वर्षे मला रुळांच्या कुठल्याही बदलापेक्षा गंभीर वाटतात, कारण रुंदीकरणात गाडीचे शरीर बदलले होते, इथे तिचा धर्मच सुटला होता. रोज मजुरीला जाणाऱ्या बाईला इंजिन कोणते आहे याने फरक पडत नाही. येताजाता 40 रुपये जास्त गेल्याने पडतो. खंडेनवमीला इंजिनाला हार घालणाऱ्या रेल्वेने त्याच दिवशी आपल्या विभागात कोणत्या हॉल्टवर गाडी थांबायची बंद झाली, कोणती सकाळची पॅसेंजर वेळापत्रकातून गेली, याची यादी स्टेशनावर लावावी. तोही पूजेचाच भाग मानायला माझी तयारी आहे.