आधी माप

सावकाश बसा. खांदे सैल सोडा. श्वास येतो तसा येऊ द्या.

मनाने मुंबईतल्या हिंदमाताच्या कापडबाजारात या. दुकानदाराने गादीवर तागा उलगडला आहे. चिठ्ठीवर लांबी लिहिलेली आहे, तरी तो मीटरपट्टी घेतो, कापड तिच्याशी धरतो, एकेक मीटर मोजतो आणि मगच कात्री लावतो. त्या हातांकडे पाहत राहा. एकदा कात्री चालली की कापड पुन्हा सांधत नाही, हे त्या हातांना ठाऊक आहे.

आता खिशातल्या फोनकडे लक्ष न्या. आत डेटाची पॅकेटं येत आहेत, बहुधा दीड हजार बाइटच्या आतली. प्रत्येकाच्या माथ्यावर लांबी लिहिलेली. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, ती एका बफरमधून, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतून, दुसऱ्यात उतरवतो. त्याआधी त्याने दोन गोष्टी विचारायच्या असतात: खरोखर आलंय किती? घेणाऱ्याकडे जागा किती?

पहिला प्रश्न विचारायचा राहिला, तर? 2014 साली ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली. ती कर्नलबाहेरची, पण जात हीच. समोरच्याने सांगितलेली लांबी न मोजता खरी धरली गेली, आणि एका वेळी 64 किलोबाइटपर्यंत मेमरी परक्याच्या हाती जाऊ शकत होती. तिच्यात कुणाचा पासवर्डही असू शकत होता.

दुसरा राहिला, तर? हिंदमाताचा पावसाळा आठवा. बशीसारखा सखल भाग. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी दुकानांच्या पायऱ्या चढतं. बफर ओसंडला की शेजारची मेमरी अशीच बुडते. हिंदमाताचं पाणी तुंबू नये म्हणून पालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात भूमिगत टाक्या बांधल्या. पाणी तिथे थांबतं, ओहोटी लागली की समुद्राकडे जातं.

इथे थोडं थांबा. एक श्वास घ्या, एक सोडा.

लिनक्सचा कर्नल प्रोग्रामकडे बाइट पोहोचवतो, तेव्हा ‘कॉपी टू युजर’ हे फंक्शन एक आकडा परत देतं: किती पोहोचले नाहीत. सगळं पोहोचलं तर शून्य. राहिलेल्याचा हिशेब ते लपवत नाही.

आज तुमच्याकडेही काही येईल. काम, बातमी, कुणाचं दुःख. घेण्याआधी हलकेच विचारा: आलंय किती, माझ्यात जागा किती? मावेल तेवढं नीट घ्या. न मावलेलं किती, तेही मोकळेपणाने सांगा.

दुकानदार उरलेला तागा गुंडाळतो आहे. चिठ्ठीवर नवी लांबी लिहितो आहे.